आधी कौलं बघा: पेठेतल्या वाड्यांबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात पुण्याच्या जुन्या पेठांमधल्या वाड्यांवर मी एक छोटा लेख लिहिला होता, त्यात एक वाक्य होतं की वाडा वयानं पडत नाही, पाण्यानं पडतो. त्यावर इतके मेल आले की हे अख्खं सदरच संपादकांनी त्यासाठी दिलंय. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, सारखे प्रश्न होते ते एकत्र केलेत. माझ्याबद्दल विचारलंय बऱ्याच जणांनी, तर मी सदाशिव पेठेत एका वाड्यात भाडेकरूच्या दोन खोल्यांमध्ये वाढले, पुढे आर्किटेक्चर केलं आणि गेली वीसेक वर्षं जुन्या घरांच्या दुरुस्तीचंच काम करते.

ताई, आमचा नारायण पेठेत वाडा आहे. तळमजल्याच्या भिंतींना कमरेपर्यंत ओल असते आणि मिठासारखं पांढरं फुटतं. तीन वर्षांपूर्वी सिमेंटचा गिलावा करून घेतला, वरून वॉटरप्रूफिंगचं केमिकल पण मारलं. आता तो गिलावा फुगून पडतोय आणि ओल खांद्यापर्यंत चढलीये. कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय अजून जाड कोट देऊ. देऊ का? (एक वाचक, नारायण पेठ)

नका देऊ, हात जोडून सांगते. मला आलेल्या मेलपैकी निम्मे याच प्रश्नाचे आहेत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमची भिंत बनलीये कशाची ते आधी बघू. खाली दगडाचं जोतं म्हणजे घराचा चौथरा, त्यावर पातळ चपट्या विटा किंवा पांढरी माती, आत चिखलाचा सांधा आणि वरून चुन्याचा गिलावा. आताच्या बिल्डिंगमध्ये जोत्यावर ओल अडवणारा थर टाकतात तसा यात काहीच नाही, म्हणजे जमिनीतलं पाणी भिंतीत थोडं थोडं चढणारच, आणि ते बांधणाऱ्यांना माहिती होतं. त्यांचा हिशोब असा होता की चढलेलं पाणी चुन्यातून बाहेर निघून जाईल, चुना सच्छिद्र असतो, उन्हाळ्यात भिंत पूर्ण वाळते, पावसाळ्यात परत थोडी ओलावते, असं दोनशे वर्षं चालतं. तुम्ही त्याच्यावर सिमेंट लावलंत, सिमेंट पाणी बाहेर सोडत नाही, मग पाणी जाणार कुठे, तर ते वर चढणार, जिथे सिमेंट संपतं तिथपर्यंत. म्हणून कमरेची ओल खांद्याला आली. जाड कोट दिलात की छताला जाईल आणि तिथे तुमच्या तुळयांची टोकं भिंतीत घुसलेली आहेत, ती कुजायला लागली की मग ते गिलाव्याचं काम राहत नाही.

पांढरं फुटतं तो लोणा. जमिनीतले क्षार पाण्याबरोबर येतात आणि पाणी उडून गेलं की मागे राहतात. तो धुवायचा नाही, धुतला की परत आत जातो. कोरड्या ब्रशनं झाडून गोळा करून बाहेर टाकायचा.

आता काय करायचं ते सांगते. सिमेंट उतरवून घ्या, छिन्नी हातोडीनं, हळूहळू, ब्रेकर लावू देऊ नका कारण आतल्या विटा मऊ असतात. उतरवल्यावर लगेच काही लावायचं नाही, एक अख्खा उन्हाळा भिंत उघडी ठेवायची. दिसायला वाईट दिसतं, पाहुणे विचारतात, पण ठेवायची. आणि या काळात पाणी येतंय कुठून ते शोधायचं, कारण नुसत्या जमिनीच्या ओलीनं भिंत एवढी भिजत नाही. पन्हळ तुटलीये का, पावसाचा पाइप भिंतीच्या बुडाशी सुटलाय का, बाजूच्या बोळातलं गटार तुंबलंय का. आणि चौकातली, म्हणजे वाड्याच्या मधल्या उघड्या अंगणातली, जुनी फरशी काढून टाइल्स लावल्यात का हे तर मी सगळ्यात आधी बघते, कारण टाइल्स लावताना थर वाढतो, चौक उंच होतो आणि उतार नेमका सोप्याकडे, म्हणजे चौकालगतच्या उघड्या पडवीकडे, येतो, मग अख्ख्या चौकाचं पावसाचं पाणी जोत्यात मुरतं. दहातल्या पाच-सहा वाड्यांत मला हेच सापडलंय.

भिंत वाळली की मग चुन्याचा गिलावा. चुनखडी भट्टीत भाजून कळीचा चुना होतो, तो पाण्यात विझवून मुरवायचा, मग वाळू आणि विटांची पूड म्हणजे सुरखी घालून मळायचा. पूर्वी बैलाच्या घाण्यावर मळायचे, दगडी चाक गोल फिरायचं. त्यात गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी, कुठे बेलफळ, कुठे उडदाचं पाणी घालायचे, गवंड्यागणिक प्रमाण वेगळं. आता यंत्रावर मळून देणारे आहेत. पातळ थर द्यायचे, एक सुकायला लागला की दुसरा, आणि आठवडाभर तरी ओला ठेवायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत परत दगड होतो, त्याला वेळ लागतो आणि आपल्याकडे तेवढा वेळ द्यायची तयारी नसते हीच अडचण आहे. वरून ऑइल पेंट किंवा प्लास्टिक पेंट लावलात तर सगळी मेहनत पाण्यात, साधा चुन्याचा हात द्या.

मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या प्रोजेक्टसाठी कसबा पेठेतला एक वाडा मोजायचा आहे. घरमालक आजोबा सारखं "हा सात खणी सोपा" वगैरे म्हणतात ते कळत नाही. वाडा बघताना सुरुवात कुठून करायची? (एक विद्यार्थिनी, पुणे)

तू आजोबांचं ऐकतेयस हे फार चांगलं आहे, टेपपेक्षा त्यांचे शब्द जास्त उपयोगी पडतील.

खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर. साधारण पाच-सहा फूट असतं, सागाची तुळई एवढ्या अंतराला न वाकता भार घेते म्हणून. सगळा वाडा याच मापात विचार करून बांधलेला असतो, खोली किती बाय किती फूट असं कोणी म्हणायचं नाही, किती खणांची म्हणायचे. तू एकदा खण मोजलास की अर्धा प्लॅन तुला बसल्या जागी काढता येईल.

सुरुवात दरवाज्यापासून कर. मोठ्या दरवाज्यात एक छोटी दिंडी असते, रोजची ये-जा तिच्यातून, वाकून. आत देवडी, पहारेकरी बसायचा ती जागा. मग चौक, त्याच्या भोवती ओसरी आणि सोपा. सोपा चौकाच्या बाजूनं उघडा असतो, कचेरी, पाहुणे, हिशोब सगळं तिथे. त्याच्या मागे माजघर, मग स्वयंपाकघर आणि देवघर, मागे परसू, तिथे विहीर किंवा हौद, न्हाणीघर. मोठ्या वाड्यात दोन तीन चौक असतात, जितकं आत जाशील तितकं घर खासगी होत जातं. वरच्या मजल्यावर रस्त्याच्या बाजूला माडी आणि सज्जा.

आता एक गोष्ट नीट बघ जी कॉलेजात पटकन सांगत नाहीत. जमिनीवर तळखडा म्हणून दगड असतो, खांब त्याच्यावर नुसता उभा असतो, जमिनीत गाडलेला नसतो. का, तर पुन्हा पाणीच. लाकडाला जमिनीची ओल लागू नये. खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या म्हणजे कडीपाट, त्याच्यावर मातीचा थर. सगळे सांधे खाचेत कूस, म्हणजे लाकडाचं पुढे आलेलं टोक, बसवून केलेले, खिळे अगदी कमी. म्हणजे हा लाकडाचा सांगाडा स्वतः उभा आहे, भिंती बऱ्याच ठिकाणी फक्त भरलेल्या आहेत. मी अशी एक भिंत अर्धी ढासळलेली बघितलीये आणि वरचा मजला जागच्या जागी होता, खालच्या बाई तिथेच पोळ्या करत होत्या. खांबाच्या डोक्याशी केळफुलाचं नक्षीकाम असेल त्याचे फोटो सगळे काढतात, तूही काढ, पण त्याच्याआधी तळखड्याचा आणि तुळईच्या टोकाचा काढ. आणि आजोबांना विचार की पहिल्यांदा कुठली खोली गळायला लागली, ते बरोब्बर सांगतील.

न्यूजर्सीहून लिहितोय. शुक्रवार पेठेत आजोळ होतं, चौकात दगडी हौद होता आणि आजी म्हणायची हे कात्रजचं पाणी. कात्रज तर केवढं लांब! पंप नसताना ते पाणी वाड्यात कसं यायचं? का ती उगाच सांगायची? (एक वाचक)

आजी अगदी खरं सांगत होत्या. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून घेतला आणि तिथून जमिनीखालून दगड-विटांचा बांधीव नळ शहरात आणला. कात्रज उंचावर, पेठा उतारावर, त्यामुळे पाणी आपल्या वजनानं यायचं, पंपाची गरजच नव्हती. नळ बऱ्याच ठिकाणी इतका मोठा आहे की माणूस आत शिरून साफ करू शकतो. मधे मधे उच्छ्वास बांधलेले, म्हणजे उभे मनोरे, त्यात हवा निघून जायची आणि गाळ खाली बसायचा. शनिवारवाड्यातली कारंजी याच पाण्यावर उडायची, आणि पुढे खापरी नळांमधून सरदारांच्या वाड्यांतल्या हौदांना आणि रस्त्यावरच्या सार्वजनिक हौदांना पाणी मिळायचं. बदामी हौद, फडके हौद ही आपण रिक्षावाल्याला सांगतो ती नावं सगळी त्यातलीच, हौद बुजले आणि नावं राहिली.

पुढच्या वेळी पुण्यात याल तेव्हा आजोळच्या जागी बिल्डिंग झाली असली तरी खाली पार्किंगमध्ये विचारून बघा. बिल्डिंगचा पाया खणताना नळ लागला आणि अजून पाणी वाहतंय, असं मी स्वतः दोनदा बघितलंय. एका ठिकाणी तर ते सिमेंट ओतून बंद केलं, मग त्या बोळातल्या चार जुन्या घरांमध्ये अचानक ओल यायला लागली, त्या लोकांना कळेचना की कुठून येतेय. पाण्याची वाट बंद केली की ते दुसरी शोधतं.

आम्ही सदाशिव पेठेत १९५२ पासून भाडेकरू. भाडं महिना ३८ रुपये. छत गळतंय, मालक म्हणतात ३८ रुपयांत मी कौलं बदलू का, आणि आम्ही दुरुस्ती केली तर म्हणतात परवानगीशिवाय हात लावायचा नाही. कोणाचं बरोबर? (एक वाचक, सदाशिव पेठ)

तुमच्या मालकांकडून पण मला असाच मेल येऊ शकला असता, म्हणून दोघांसाठी लिहिते.

कायद्यानं दुरुस्ती मालकाची जबाबदारी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये स्पष्ट आहे की मालकानं जागा राहण्यालायक ठेवायची, आणि नाही ठेवली तर भाडेकरूनं किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करायची आणि खर्च भाड्यातून वळता करायचा. वाचायला छान वाटतं. पण पुढची अट अशी की वर्षाला वळता करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. तुमचं वर्षाचं भाडं ४५६ रुपये, त्याचा चौथा हिस्सा ११४. एवढ्यात चार कौलं पण येणार नाहीत.

हे असं का झालं, तर १९४७ च्या भाडे कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. त्या वेळी ते गरजेचं होतं, युद्धानंतर घरं नव्हती, लोक रस्त्यावर आले असते. आमच्यासारखी कुटुंबं त्या कायद्यामुळेच शहराच्या मध्यात राहिली, मुलं शिकली, हे मी कधी विसरत नाही. पण कायदा तसाच पन्नास वर्षं राहिला आणि १९९९ च्या कायद्यानं वर्षाला चार टक्के वाढ दिली ती इतक्या छोट्या रकमेवर की मालकाच्या हातात काहीच येत नाही. मग मालक वाट बघतो वाडा कधी पडतो, भाडेकरू वाट बघतो मालक कधी बिल्डर आणतो, आणि दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेची धोकादायक वाड्याची नोटीस दारावर लागते. मी दोन्ही बाजूंच्या लोकांना ओळखते आणि त्यात वाईट माणूस मला फारसा भेटला नाही, अडकलेली माणसं भेटली.

मग करायचं काय. माझ्या अनुभवात जे वाडे टिकलेत त्यातल्या बऱ्याच ठिकाणी सगळ्या भाडेकरूंनी मिळून फक्त छतापुरता एक साधा लेखी करार मालकाबरोबर केलाय, की खर्च आम्ही वाटून घेतो, यामुळे कोणाचा हक्क वाढत नाही आणि कोणाचा कमी होत नाही. वकिलाकडून लिहून घ्या, एका पानाचं काम आहे. बाकी भांडणं चालू राहू देत कोर्टात, पण दरवर्षी मे महिन्यात कौलं चाळून घ्या. फुटलेली काढायची, सरकलेली बसवायची, पन्हळीतला पिंपळाचा रोप मुळासकट उपटायचा. दोन दिवसांचं काम. मी सत्तर-ऐंशी वाडे आतून बघितलेत त्यातला सगळ्यात चांगला राहिलेला वाडा श्रीमंताचा नव्हता, तिथे एक निवृत्त काका होते जे दर मे महिन्यात स्वतः शिडी लावून चढायचे.

एक माणूस घरी येऊन गेला, सोप्यातल्या कोरीव सागवानी खांबांचे चांगले पैसे देतो म्हणाला. म्हणे त्या जागी लोखंडी गर्डर टाकून देतो. वाड्यात आम्ही दोघंच, मुलं बाहेर. द्यावेत का?

नाही. त्या खांबांवर वरचा मजला आहे. गर्डर टाकला तरी त्याचं वजन आणि ताठपणा वेगळा, जुन्या लाकडाला तो सांधा जुळत नाही, हळूहळू बाकीचा सांगाडा ओढला जातो. दुसरं म्हणजे वाडा महापालिकेच्या हेरिटेज यादीत आहे का ते आधी बघा, त्यात तीन श्रेणी असतात, आणि यादीत असेल तर असे बदल परवानगीशिवाय करताच येत नाहीत.

पैशाची खरंच गरज असेल तर मी तुम्हाला दोष देणार नाही, पण मग खांब विकण्यापेक्षा सोप्याचा उपयोग करून पैसे मिळतात का बघा. माझ्या ओळखीच्या एका वाड्यात सकाळी योगाचा वर्ग आणि संध्याकाळी गाण्याचा क्लास चालतो, त्याच्या भाड्यावर छताचं काम निघतं. आणि तो माणूस परत आला तर एकट्यानं दार उघडू नका.

आम्ही नागपूरचे. दिवाळीत एक दिवस पुण्यात आहोत, पोरांना जुनं पुणं दाखवायचंय. शनिवारवाडा सोडून अजून काय बघण्यासारखं आहे?

शनिवारवाडा सोडू नका, पण जरा वेगळ्या नजरेनं बघा. १७३० मध्ये पाया घातला आणि १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत झाली. वर लाकूड-विटांचे मजल्यावर मजले होते, १८२८ मध्ये आग लागली, कित्येक दिवस जळत होता आणि उरलं ते दगडाचं. म्हणजे आज तुम्ही बघता ते वाड्याचे पाय आहेत, वाडा नाही. पोरांना दिल्ली दरवाज्याचे हत्तींसाठीचे खिळे आवडतील. मग आत जोती बघा आणि त्यांना विचारा इथे खोली असेल का चौक, फार मजा येते.

पण वाडा उभा कसा दिसायचा ते बघायचं तर विश्रामबागवाड्यात जायला हवं. दुसऱ्या बाजीरावानं बांधला, १८०७ च्या सुमाराला पूर्ण झाला. रस्त्यावर उभं राहून वरचा सज्जा आणि सुरूच्या झाडासारखे कोरलेले खांब बघा. १८७९ मध्ये याला पण आग लावली होती, त्याच वेळी बुधवारवाडा पूर्ण गेला, हा लोकांनी वर्गणी काढून परत दुरुस्त केला. तिथून चालत पाच मिनिटांवर तुळशीबागेतलं राममंदिर, काम १७६१ ला सुरू झालं, खरेदीच्या गर्दीत त्याचा लाकडी सभामंडप कोणी बघतच नाही. मग मंडई. अष्टकोनी मनोरा आणि त्याच्या बाजूनं पसरलेले हात, १८८६ ची इमारत. त्याच्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोर मोकळ्या मैदानात भरायचा, आणि जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत या इमारतीच्या खर्चाला विरोध केला होता, ते पैसे शिक्षणावर घाला म्हणून. आज मंडईला त्यांचंच नाव आहे, हे पोरांना नक्की सांगा.

वेळ उरला तर सोमवार पेठेत त्रिशुंड गणपती. छोटं काळ्या दगडाचं देऊळ आहे, दर्शनी भिंतीवर गेंडा साखळदंडानं बांधलेला कोरलाय, सहज गेलात तर दिसणार नाही, जवळ जाऊन शोधा. लालमहालाबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय, आज उभी आहे ती इमारत १९८० च्या दशकात महापालिकेनं बांधलेली आहे, जागा जुनी, घर नवं. सकाळी लवकर निघा, अकरानंतर पेठांमध्ये चालणं अवघड होतं.

आई ७८ वर्षांची, वरच्या मजल्यावर राहते, रात्री खाली परसातल्या बाथरूमला जाणं जमत नाही. वर बाथरूम केलं तर वाडा खराब होतो असं तुम्हीच लिहिलं होतं. मग आईचं काय करायचं?

आईसाठी वर बाथरूम करा. घर माणसासाठी असतं.

मी लिहिलं होतं ते खोलीच्या कोपऱ्यात फरशी लावून केलेल्या मोऱ्यांबद्दल. पूर्वी वर पाणी नव्हतंच. १९६०-७० नंतर प्रत्येक भाडेकरूनं वर मोरी केली, खाली कडीपाट आणि मातीचा थर, पाणी फटीतून झिरपतं आणि बरोब्बर तुळईच्या टोकाला जातं जिथे ती भिंतीत आहे. वरून काही दिसत नाही. वीस वर्षांनी एका पावसाळ्यात तो कोपरा खाली येतो.

तुमच्याकडे बाथरूम परसाच्या बाजूला, जुन्या भिंतीच्या बाहेर, स्वतंत्र लोखंडी सांगाड्यावर उभं करता येईल, वाड्याला टेकवायचं पण नाही, फक्त एका खिडकीचा दरवाजा करून आत जायचं. सगळे पाइप बाहेरून, उघडे, म्हणजे गळलं तर दिसेल. आणि बाहेर जागाच नसेल तर आत तयार फायबरचा एकसंध ट्रे बसवून त्यावर करा, फरशी-सिमेंट नको, वजन पण कमी पडतं. त्याच्याआधी खालून त्या भागातल्या तुळया तपासा. स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा, चांगल्या सागात तो शिरत नाही. हातोडीनं हलकं ठोका, खणखणीत आवाज हवा, बद्द आला तर आधी सुतार.

भिडेवाडा पाडला ते बरोबर झालं का?

हा प्रश्न तेरा जणांनी विचारलाय. बुधवार पेठेतल्या त्या वाड्यात १८४८ मध्ये सावित्रीबाई आणि जोतीरावांनी मुलींची शाळा सुरू केली. स्मारकाचा वाद वर्षानुवर्षं कोर्टात राहिला, शेवटी सुप्रीम कोर्टाचा निकाल आला आणि डिसेंबर २०२३ मध्ये महापालिकेनं तो उतरवला. तोपर्यंत तिथे वाचवण्यासारखं फार थोडं उरलं होतं, हे मला मान्य आहे. पण वीस वर्षं आधी छत दुरुस्त झालं असतं तर ज्या वाड्यात त्या मुली बसल्या तिथे आजच्या मुली बसल्या असत्या. केस चालू असताना वास्तूला ताडपत्री घालायला सुद्धा परवानगी सहजी मिळत नाही. मला त्याचा राग येतो आणि तो जात नाही. निदान एवढा नियम हवा की मालकीचा वाद कितीही चालू दे, छताचं आणि पन्हळीचं काम थांबवता येणार नाही.

माझं वय ७१. आमचा वाडा शनिवार पेठेत नदीच्या बाजूला होता, पानशेतच्या पुरात गेला, मी तेव्हा लहान होतो. नंतर आम्ही सहकारनगरला आलो. वाड्याचा दिंडीचा दरवाजा तेवढा वडिलांनी चिखलातून काढून आणला होता, साठ वर्षं गॅलरीत उभा आहे. मुलगा म्हणतो जागा अडते. याचं काय करू? (एक वाचक, सहकारनगर)

काका, तुमचा मेल मी तीनदा वाचला.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासलाही, आणि पाणी शनिवार, नारायण, कसबा अशा नदीकाठच्या पेठांत घुसलं. दगडाची जोती टिकली, वरच्या मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या. म्हणून तुमच्याकडे दरवाजा राहिला आणि भिंत नाही राहिली, साग भिजून वाळला की परत उभा राहतो, पांढरी माती नाही राहत. त्या दिवसानं गेलेल्या वाड्यांचे ना नकाशे आहेत ना फोटो, बहुतेकांचे काहीच नाही. तुमच्याकडे निदान एक माप आहे.

तर आधी तो मोजा. उंची, रुंदी, फळीची जाडी, दिंडीचं माप, कड्या, खिळे किती, कुठे. मुलाला घेऊन मोजा, त्याला फोटो काढू देत, समोरून, मागून आणि खालच्या कडेचा जवळून, तिथे पुराच्या पाण्याची खूण अजून असेल. मग तुम्हाला आठवतो तसा वाडा कागदावर काढा, दरवाज्यातून आत गेलं की डावीकडे काय, विहीर कुठे, आई कुठे बसायची. रेघा सरळ नाही आल्या तरी चालेल, मला स्कॅन करून पाठवा, मी तो खणांच्या मापात बसवून देते, दिंडीच्या मापावरून बऱ्यापैकी अंदाज येतो.

दरवाजा गॅलरीत फरशीवर टेकलेला असेल तर त्याच्याखाली दोन लाकडी ठोकळे सरकवा, पावसाचं पाणी खालून चढतं. व्हार्निश नको, वर्षातून एकदा उन्हाळ्यात जवसाचं तेल फडक्यानं चोळायचं. आणि मुलाला एकदा केळकर संग्रहालयात घेऊन जा, तिथले जुने कोरीव दरवाजे दाखवा. घरी आलात की त्याला गॅलरीत नेऊन आपल्या दरवाज्याची कडी वाजवायला सांगा.